जबडा हलतोय का?

गाय किंवा म्हैस निवांत बसून रवंथ करत असेल तेव्हा तिच्या मानेच्या डाव्या बाजूला नजर ठेवा. कातडीखालून एक गोळा सरकन वर चढताना दिसतो. तो तोंडात आला की आधी ती त्यातलं पाणी गिळून टाकते आणि मग जबडा सुरू होतो. हा जबडा वरखाली होत नाही. खालचा जबडा एका अंगाने आडवा फिरतो, जात्याच्या पाळीसारखा. ४० वेळा, ५० वेळा, वैरण कडक असेल तर ६०च्याही वर. मग घोट खाली जातो आणि सगळं थांबतं. तीन-चार सेकंद काही म्हणजे काही होत नाही. नवख्याला वाटतं, झोप लागली. तेवढ्यात मानेतून दुसरा गोळा वर येतो.

दिवसाचे सात-आठ तास हे काम चालतं, त्यातलं बरंचसं रात्री. गोठ्याशेजारच्या खोलीत झोपण्याची सवय असलेल्या माणसाला तो आवाज ओळखीचा असतो. माझ्या काकूला तर आवाज बंद झाला की जाग यायची.

चरताना मात्र जनावराला चावायला सवड नसते. गाईच्या वरच्या जबड्याला पुढचे दातच नाहीत, नुसती जाड टणक हिरडी आहे. जिभेने गवताचा झुबका ओढायचा, खालच्या आठ दातांनी हिरडीवर दाबायचा, मानेला हिसका देऊन तोडायचा आणि थोडंफार चावून आत ढकलायचा. (बैलबाजारात ओठ खाली ओढून वय बघतात ते ह्याच आठ दातांवरून. आदत, दुसा, चौसा, जुळला. कागदपत्रांत काही लिहिलेलं असो, व्यवहार दातांवर होतो.) आधी भराभर पोटात भरून घ्यायचं आणि चावायचं काम नंतर, बसल्यावर.

भरून घ्यायचं ते कोठीपोटात. शाळेत आम्हाला गाईला चार पोटं असतात असं शिकवलं होतं. खरं तर पोट एकच, कप्पे चार : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं, आपल्यासारखं आम्ल सोडणारं खरं जठर. मोठ्या संकरित गाईचं कोठीपोट १०० लीटरच्याही पुढे जातं आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतं. आत अंधार, ३९ अंशांच्या आसपासची ऊब, प्राणवायू जवळपास शून्य. आणि वस्ती अफाट. त्या पाण्याच्या एका मिलिलीटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात. शिवाय प्रोटोझोआ म्हणजे एकपेशीय जीव असतात, जे पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफों ह्या दोघांनी १८४३ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. शिवाय बुरशी, जिला लोक बरीच वर्षं प्रोटोझोआच समजत राहिले. ती बुरशी आहे हे १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन ह्या संशोधकाने दाखवलं.

ह्या सगळ्यांचं तिथे काय काम? गवताचा कणा म्हणजे सेल्युलोज, आणि तो फोडणारं विकर गाईकडे नाही. ते त्यांच्याकडे आहे. म्हणजे गाय जे गवत खाते ते पहिल्यांदा त्यांचं जेवण. ते गवत आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं सुटतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि त्यांच्यावर गाय चालते. दुधातलं फॅट बनायला लागतं ते ॲसिटिक आम्ल, आणि ते येतं चोथ्याच्या वैरणीतून. डेअरीवर फॅट लागत नाही म्हणून मापाड्याशी भांडणाऱ्याने आधी घरी जाऊन गव्हाण बघावी, असं माझं मत आहे. पुढे हे सूक्ष्मजीव स्वतःच चोथ्याबरोबर वाहत खऱ्या जठरात पोचतात आणि पचून जातात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा तोच. जिला आपण सात्त्विक शाकाहाराची मूर्ती समजतो ती रोज किती जीव पचवते, ह्याचा हिशोब न केलेला बरा.

एवढी वस्ती पोटात पाळायची म्हणजे तिची मर्जी सांभाळावी लागते. गोठ्यातले लोक ह्या जिवाणूंची नावं घेत नाहीत, पण सांभाळतात त्यांनाच. वैरण एकदम बदलायची नाही, आठ-दहा दिवस जुन्यात नवीन मिसळत न्यायची. पावसाळ्यात कोवळं हिरवं भरपूर झालं तरी आधी चार पेंढ्या वाळकं पुढ्यात टाकायचं. ओला लसूणघास भरपेट चारला तर कोठीपोटात फेस धरतो, ढेकर अडकतो आणि डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खोलगट कूस, ढोलासारखी टम्म होते. मग गोडेतेल पाजा, तोंडात लिंबाची काडी आडवी बांधून जबडा हलता ठेवा, आणि त्यानेही भागलं नाही तर डॉक्टर भकाळीत ट्रोकार नावाची टोकदार नळी घुसवून वायू मोकळा करतात. तो वायू सुटतानाचा आवाज आणि वास एकदा अनुभवला की विसरत नाही.

म्हणून आजारी जनावराकडे गुरांचे डॉक्टर आले की थर्मामीटर काढायच्या आधी विचारतात, "रवंथ करतीय का?" घरच्यांचं उत्तर ऐकत ऐकतच ते डाव्या भकाळीत मूठ रोवून उभे राहतात. आतली लाट मुठीला लागते. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा मूठ बाहेर ढकलली गेली तर कोठीपोट चालू आहे. मी एकदा त्यांना विचारून माझी मूठ ठेवली होती. म्हशीचं पोट आपल्याला हळूच मागे सारतं, घाई नाही, जोर मात्र असा की हात कोपरातून वाकतो.

आमच्या वाडीत एका लग्नानंतर जे झालं ते अजून सांगितलं जातं. उरलेला भात, पुऱ्या आणि बुंदी टाकून कशाला द्यायची म्हणून एकाने आपल्या म्हशीपुढे दोन घमेली भरून ठेवली. मुक्या जनावराच्या तोंडी लग्नाचं गोडधोड, भावना चांगली होती. म्हैस आवडीने जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उभी होती, पण जबडा बंद. दुपारी पाय अडखळायला लागले, डोळे खोल गेले, शेण पातळ आणि आंबूस. कोठीपोटात झालं होतं ते असं : चोथ्यावर जगणाऱ्यांच्या वस्तीत एकदम पिठूळ आणि साखर येऊन पडली. त्यावर वाढणारे वेगळेच जिवाणू माजले, त्यांनी लॅक्टिक आम्लाचा पूर आणला, आणि जुने रहिवासी त्यात मेले. आम्लाने अंगातलं पाणी पोटात ओढून घेतलं. ह्या सगळ्यावर जनावराजवळ घरचा उतारा एकच असतो, लाळ. ती सोड्यासारखी अल्कधर्मी असते, आणि जास्त दूध देणाऱ्या गाईला दिवसाला १०० लीटरहून अधिक सुटते. पण सुटते ती मुख्यतः चावताना, रवंथ करताना. भाताला आणि बुंदीला काय चावायचं? चोथा नाही म्हणून रवंथ नाही, रवंथ नाही म्हणून लाळ नाही, लाळ नाही म्हणून आम्ल उतरत नाही.

डॉक्टरांनी खाण्याचा सोडा पाजला, सलाईनच्या बाटल्या लावल्या, आणि आम्ल थोडं उतरल्यावर शेजारच्या धडधाकट म्हशीच्या कोठीपोटातलं पाणी नळीने काढून हिला पाजलं. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तोंडाला पदर लावला. पण ती सगळी खटपट मेलेल्या वस्तीच्या जागी नवी वस्ती बसवण्याची होती. दोन दिवसांनी संध्याकाळी मानेतून एक गोळा वर आला. म्हैस वाचली, वेत मात्र गेलं.

माणसांच्या बाबतीत आपण 'रवंथ' जरा तुच्छतेनेच वापरतो. तेच ते बोलणारा वक्ता, त्याच आठवणी उगाळणारे काका, सगळे रवंथ करतात. संस्कृतातल्या 'रोमन्थ'चं नशीब बरं होतं. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार रद्द करतो तेव्हा तो म्हणतो की म्हशींना पाण्यात डुंबू दे आणि हरणांच्या कळपांना सावलीत बसून रवंथाचा अभ्यास करू दे. शिकारी नाही तर रवंथ, हे त्याने बरोबर हेरलं होतं. पाणिनीचं तर आणखी गमतीचं. रोमन्थ ह्या नामापासून क्रियापद कसं करायचं, ह्यासाठी त्याने अष्टाध्यायीत एक सूत्र दिलंय, आणि त्या सूत्रात रोमन्थाच्या जोडीला बसवलाय 'तपस्' हा शब्द. रवंथ आणि तप एका ओळीत. दोघांना प्रत्यय एकच लागतो म्हणून व्याकरणाच्या सोयीने केलेली जोडी, पण गाईचे ते अर्धे मिटलेले डोळे पाहिले की जोडी शोभते. पुढे ह्या सूत्रावर वार्तिक, म्हणजे पुरवणीची टीप, आलं : 'हनुचलन इति वक्तव्यम्'. जबडा हलत असेल तरच हे क्रियापद चालेल असं सांगा, नाहीतर ते किड्यालाही लावाल. म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्याची व्याख्या नीट आखावी लागते, हे वैयाकरणांनाही पडलेलं कोडं होतं, आणि त्यांनी खूण धरली ती जबड्याचीच.

खुरांवर भरवसा ठेवून चालत नाही, हे खरंच आहे. घोड्याला खूर आहे, रवंथ नाही. डुकराचे खूर गाईसारखेच दुभंगलेले, पण तेही रवंथ करत नाही. उंट रवंथ करतो, मात्र त्याच्या पोटात तीनच कप्पे आणि पायाला गादी, म्हणून प्राणिशास्त्रज्ञ त्याला गाय, शेळी, हरीण, जिराफ ह्यांच्या पंगतीत न बसवता वेगळं ताट देतात. आपली वानरं, तोंडं काळी असलेली ती, त्यांच्या पोटातही कप्पे असतात आणि तिथे पाला आंबतोही. पण आंबलेला पाला ती पुन्हा तोंडात आणत नाहीत. आणि आपल्या सह्याद्रीतली पिसोरी, मांजराएवढं हरीण, रवंथ करते तरी तिच्या पोटातलं पडदेपोट जेमतेमच असतं. निसर्गाने आखलेल्या रेषा आपल्या पुस्तकांइतक्या सरळ नाहीत.

घोडा आणि गाय ह्यांतला फरक बघायचा तर शेण आणि लीद शेजारी शेजारी ठेवा. किळस वाटत असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. घोडाही चोथा आंबवतो, पण पुढच्या पोटात नाही, मागच्या आतड्यांत. तिथून तो चोथा पुन्हा दातांखाली आणायची सोय नाही. त्यामुळे लिदीत गवताच्या काड्या काड्या दिसतात, गोळे कोरडे आणि विस्कटणारे. गाईचं शेण बोटांत चोळा, मऊसूत लागतं. काडी पुन्हा पुन्हा दळली गेल्याशिवाय कोठीपोटाच्या पुढे जातच नाही, बारीक झाली तरच जाळीपोटाच्या तोंडातून तिला वाट मिळते. आपली सारवलेली जमीन, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, कणगीला आतून दिलेला शेणाचा हात, हे सगळं त्या आडव्या फिरणाऱ्या जबड्याचं देणं आहे. लिदीने जमीन सारवून बघा म्हणजे कळेल. शेळीची लेंडी कोरडी का, तर तिची आतडी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत शोषून घेतात. पण आत फोडून पाहिली तर तीही दळलेलीच.

सुबाभळीची गोष्ट मला फार आवडते. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात शेती पाहिली त्यांना बांधाबांधावर आलेली सुबाभूळ आठवत असेल. उरळीकांचनच्या बाएफने, म्हणजे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेने, तिचा मोठा प्रसार केला. झपाट्याने वाढणारी, पाल्यात प्रथिनं भरपूर, जळणाला लाकूड, जमिनीला नत्र. अडचण एकच, पाल्यातलं मिमोसिन. ते आणि त्याच्यापासून पोटात तयार होणारा पदार्थ जनावराला बाधतो. केस झडतात, वजन घटतं, गळ्याची थायरॉइड ग्रंथी सुजते. घोड्याची तर आयाळ आणि शेपटी जाते. म्हणून सुबाभूळ एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवा, असा सल्ला आपल्याकडे दिला जातो.

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या कुरणांत, हीच तक्रार होती. तिथल्या रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की हवाईमधल्या शेळ्या सुबाभूळ भरपूर खातात आणि त्यांना काहीही होत नाही. शेळ्यांची जात वेगळी? पाला वेगळा? त्याने वेगळाच अंदाज बांधला, की शेळ्यांच्या पोटातली वस्ती वेगळी असणार. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना देण्यात आले आणि ती जनावरं सुबाभूळ पचवायला लागली. कळपातल्या थोड्यांना दिलं की बाकीच्यांकडे ते आपसूक पसरायचं. पुढे त्या जिवाणूला जोन्सच्याच नावावरून 'सिनर्जिस्टिस जोनेसी' हे नाव मिळालं, १९९२ मध्ये. झाड तेच, गुरं तीच. बदलले ते फक्त पोटातले भाडेकरू. आमच्या वाडीतल्या म्हशीला नळीने पाजलेलं पाणी आणि हा प्रयोग, दोन्हींतली विद्या एकच.

जंगलात रवंथ बघायला फारसं कुणी थांबत नाही. ताडोबात भर दुपारी आमची जिप्सी चितळांच्या एका मोठ्या कळपाजवळून गेली. सगळी सावलीला बसलेली, जबडे फिरतायत, कान मात्र चहूकडे. गाडीतल्या मंडळींना वाघ हवा होता. ड्रायव्हरने ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही. खरं तर वाघ असलेल्या जंगलात जगायचं कसं, ह्याचं उत्तर तिथे बसलेलं होतं. उघड्या माळावर मान खाली घालून जितका कमी वेळ काढता येईल तितका काढायचा. चावायचं ते मान वर ठेवून, नाक वाऱ्यावर ठेवून, चार जणांच्या सोबतीत. राधानगरीचे गवेही तसेच : सकाळ-संध्याकाळ मोकळ्यावर चरायचं आणि उन्हाच्या वेळी दाट झाडीत जाऊन बसायचं.

पाळीव जनावराला वाघाची भीती उरली नाही, आमची आहे. गाय वैरण निवडत नाही, जिभेने गोळा करून आत घेते. शेळी ओठांनी चाचपून पानन् पान वेचते, म्हणून तिच्या पोटात लोखंड क्वचितच सापडतं. गाईच्या सापडतं. पेंढ्यांना बांधलेली तार कुट्टीच्या यंत्रातून तुकडे होऊन गव्हाणीत येते, गिळली जाते आणि जड असल्याने जाळीपोटाच्या तळाशी बसते. रवंथाच्या गोळ्याबरोबर ती परत वर येत नाही. जाळीपोटाच्या पुढे फक्त पोट आणि छाती ह्यांमधला पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय. जाळीपोट आकसलं की तार पुढे सरकते. मग गाय उतारावरून चालायला कचरते, कोपरं बाहेर फेकून उभी राहते, मानेखाली सूज येते, आणि डॉक्टर हळूच म्हणतात, "तार लागलीय." काही मोठ्या गोठ्यांत कालवडींना लहानपणीच एक चुंबक गिळवतात. तो जन्मभर जाळीपोटात राहतो आणि येईल ते लोखंड धरून बसतो. इतका स्वस्त आणि इतका अक्कलहुशारीचा उपाय आपल्याकडे अजून घरोघरी का नाही, मला कळत नाही.

प्लास्टिकला असला चुंबक नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आली. शहरातल्या कचराकुंड्यांवर फिरणाऱ्या गाईंना तिचा फायदा किती झाला, ते डाव्या भकाळीवर चीर देऊन कोठीपोट उघडणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. गाय उभीच असते, जागा बधिर केलेली, आणि डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. पिशव्या एकेक अशा निघत नाहीत. चऱ्हाट वळल्यासारखा लगदा निघतो, वीस-तीस किलोंचा. त्यात शेव-फरसाणाच्या कंपन्यांची नावं वाचता येतात. कोठीपोट भरलेलं, म्हणून भूक नाही. आणि भरलेलं असलं तरी त्यात वस्तीला खायला काही नाही.

आता गळ्यातले पट्टे आलेत. मोठ्या डेअरी फार्मवर प्रत्येक गाईच्या मानेवर एक यंत्र असतं, ते मानेच्या हालचालीवरून नाहीतर आवाजावरून रवंथाची मिनिटं मोजतं. गाय आजारी पडायच्या आधी, किंवा माजावर आली की ही मिनिटं घटतात, आणि मालकाच्या मोबाईलवर निरोप येतो. 'हनुचलन इति वक्तव्यम्' लिहिणाऱ्याला हे यंत्र फार आवडलं असतं. माझा चुलतभाऊ प्रदर्शनात जाऊन ते बघून आला. तीस जनावरांना घ्यायचे तर किती पडतील ते त्याने विचारलं, परत येऊन आईला आकडा सांगितला. काकू म्हणाली, "त्यापेक्षा गोठ्याकडची खिडकी मोठी करून दे." खिडकीचं काम गवंड्याने दिवाळीनंतर करतो म्हणून सांगितलंय.